आयर्लंडमधली नोकरी: अर्ज उठून दिसतो तो कशाने?

पुण्या-नाशिकहून डब्लिनला एमएस्सीसाठी आलेली मुलं नोकरी शोधू लागली की आधी घरचाच बायोडेटा उघडतात. कोपऱ्यात पासपोर्ट फोटो, खाली जन्मतारीख, वडिलांचं नाव, ‘अविवाहित’ आणि शेवटी सहीसकट प्रतिज्ञा. माहिती जितकी जास्त तितका अर्ज वजनदार, हा पहिला गैरसमज. आयर्लंडच्या १९९८च्या रोजगार समानता कायद्यानुसार वय, वैवाहिक स्थिती, धर्म, वंश अशा नऊ कारणांवरून उमेदवारांत भेदभाव करता येत नाही. त्यामुळे तिथल्या सीव्हीत या तपशिलांना स्थानच नाही. ती जागा कामाच्या पुराव्याला द्यावी.

‘व्हिसाचा विषय मुलाखतीपर्यंत काढू नको,’ हा सीनिअर मंडळींचा सल्ला तर फारच महागात पडतो. पदव्युत्तर पदवीनंतर स्टॅम्प वन-जीवर दोन वर्षांपर्यंत राहता येतं आणि त्या काळात पूर्णवेळ नोकरीसाठी वेगळं परमिट लागत नाही. प्रत्येक एचआरला हे ठाऊक असतंच असं नाही. ‘स्टॅम्प वन-जी, अमुक महिन्यापर्यंत वैध, परमिटची गरज नाही’ एवढी ओळ नावाखाली आली की शंका तिथेच मिटते. पुढे क्रिटिकल स्किल्स परमिट काढायची वेळ आली, तरी ‘आधी जाहिरात देऊन स्थानिक उमेदवार शोधा’ ही अट कंपनीला त्यासाठी लागू होत नाही.

‘वराडकर पंतप्रधान झाले, मग आडनावाला कोण विचारतं?’ असंही ऐकू येतं. लिओ वराडकर २०१७मध्ये पंतप्रधान झाले हे खरंच, पण मुंबईकर वडिलांचा हा मुलगा जन्मला, वाढला डब्लिनमध्येच. ईएसआरआय या संशोधन संस्थेच्या २००९च्या अहवालासाठी एकेका जागेला सारख्याच पात्रतेचे दोन अर्ज पाठवले गेले होते, फरक फक्त नावांचा. आयरिश नावांना आशियाई, आफ्रिकी किंवा जर्मन नावांपेक्षा दुपटीहून जास्त वेळा मुलाखतीचं बोलावणं आलं. हा सरळसरळ अन्याय आहे, आणि त्यापायी कुणी नाव बदलावं असं मुळीच नाही.

अशा वेळी मदतीला येते ती नेमकी लपवली जाणारी गोष्ट. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करायची मुभा विद्यार्थ्यांना असते, पण दुकानातली ती नोकरी सीव्हीत लिहायला मुलं लाजतात. शिफारस द्यायला तिथला मॅनेजर तयार असेल, तर ओळखीचा एक स्थानिक आवाज अर्जामागे उभा राहतो.

नकार आला की विषय संपला, हेही खरं नाही. मुलाखतीत आपल्याविषयी घेतलेल्या नोंदी हा युरोपच्या जीडीपीआर कायद्यानुसार आपलाच वैयक्तिक डेटा असतो. लेखी मागणी केली, तर कंपनीला त्या साधारणपणे महिन्याभरात, विनाशुल्क द्याव्या लागतात.