पहिला नंबर ठरलेला, भांडण दुसऱ्यासाठी

तारीख 23 सप्टेंबर. 1988 साली याच तारखेला ‘अशी ही बनवाबनवी’ लागला, हे मराठी माणसाला सांगणं म्हणजे त्याला त्याच्याच आजोळचा पत्ता सांगणं. दर वर्षी या दिवशी सकाळी सातपासून मोबाइलवर त्यातले धनंजय माने कुठे राहतात याची चौकशी सुरू होते आणि दुपारपर्यंत दुसरा नेमाचा विधी उरकतो: ऐंशीच्या दशकातले दहा उत्तम मराठी सिनेमे. 2025 साली अशोक सराफ यांना पद्मश्री मिळाल्यामुळे या याद्यांना जरा जास्तच भरती आली.

यादीतला पहिला नंबर ठरलेलाच असतो. भांडण असतं ते दुसऱ्यापासून खाली. परवा गणपतीत आमच्याकडे मोदकांच्या ताटावर ते झालं. भाच्याने ‘धूमधडाका’ म्हटलं, बहिणीने ‘कळत नकळत’, आणि आत्याने ठणकावून ‘माहेरची साडी’. तो 1991चा आहे, असं सांगितल्यावर आत्या म्हणाली, मग काय झालं? तसं तिचं चुकलं नव्हतं. ‘सिंहासन’ 1979चा, ‘झपाटलेला’ 1993चा, आणि दोन्ही बिनदिक्कत या याद्यांत बसलेले असतात. आपल्याकडे ऐंशीचं दशक पंधरा वर्षांचं असतं.

माझा आक्षेप निराळा आहे. या याद्या सिनेमांच्या नाहीतच, टीव्हीच्या आहेत. यादी करणाऱ्याला एवढंच विचारा, ‘कुठे पाहिलास?’ थिएटरचं नाव सांगणारा दहात एखादा निघेल. बाकीच्यांनी ‘गंमत जंमत’ आणि ‘थरथराट’ पाहिले ते सह्याद्रीवर रविवारी चारला, 1999पासून अल्फा मराठीवर आणि 2007पासून झी टॉकीजवर. जेवण झाल्यावर, उशी कुशीत घेऊन, अर्धवट झोपेत. अशा प्रेक्षकाला सिनेमा मधूनच धरता आला पाहिजे. ‘बनवाबनवी’ कुठूनही धरता येतो. वीस मिनिटं डुलकी लागली तरी परश्याची पार्वती झालेली असते आणि सुधीर जोशींचे सरपोतदार संतापलेलेच असतात. ‘उंबरठा’ असा धरता येत नाही. त्यातली सुलभा घर सोडून आश्रमाची नोकरी का पत्करते हे पाहिलेलं नसेल, तर ती परतल्यावर त्या घरातली शांतता नुसती कंटाळवाणी वाटते. म्हणून तो वाहिन्यांवर क्वचित लागतो, क्वचित लागतो म्हणून यादीत आठवा येतो, आणि आठवा आहे म्हणून पुन्हा लागत नाही.

विनोदी सिनेमांची ती लाट आली त्यामागे नुसती प्रेक्षकांची आवड नव्हती. मराठी सिनेमाने भरलेला करमणूक कर निर्मात्याला पुढचा सिनेमा काढल्यावर परत मिळायचा. म्हणजे ज्याचा सिनेमा धो धो चालला, त्याच्याच हातात पुढच्या सिनेमासाठी पैसा. ज्याचा पडला, त्याच्या हाती धुपाटणं. योजना सत्तरच्या दशकातली, हेतू चांगला. पण तिची फळं यशस्वी विनोदाच्याच झाडाला लागली, यात नवल नाही. कथा बेतायच्या त्या हमखास, आणि हमखास कथा शोधायची तर ती दुसरीकडे आधी होऊन गेलेली बरी. ‘धूमधडाका’ची मुळं ‘कादलिक्क नेरमिल्लै’ या 1964च्या तमिळ सिनेमात आहेत. ‘बनवाबनवी’ची हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’मध्ये, 1966च्या. तो हिंदीत चालला नाही. तोच मालमसाला मराठीत अजरामर झाला, याचं श्रेय वसंत सबनीसांच्या लेखणीला. वाक्यं अशी की ऐकणाऱ्याला ती आपल्याच चाळीतली वाटावीत.

सबनीसांवर थोडं थांबायला हवं. ‘विच्छा माझी पुरी करा’ त्यांचंच. त्या वगाने दादा कोंडके नावाचा माणूस महाराष्ट्रभर पोचवला. दादांचा ‘सोंगाड्या’ही सबनीसांच्याच लेखणीतला. आता याद्या काढून बघा. सबनीसांचा ‘बनवाबनवी’ पहिला, आणि दादांचा ‘ह्योच नवरा पाहिजे’ किंवा ‘मुका घ्या मुका’ औषधालाही नाही. दादांचे सिनेमे ऐंशीतही तंबूत, जत्रेत, तालुक्याच्या टॉकीजमध्ये गर्दी खेचत होते. पण ते आईवडिलांबरोबर दिवाणखान्यात बसून बघण्याचे नव्हते. दिवाणखान्याने ज्यांना आत घेतलं नाही, ते यादीतून बाहेर. तंबूत बसलेल्या प्रेक्षकाची यादी कुणी विचारलीच नाही. आमच्या आत्याची तरी कुठे विचारतो आपण?

याद्यांत न सापडणारं दुसरं नाव ‘आक्रीत’. 1981, अमोल पालेकरांचं दिग्दर्शन, विजय तेंडुलकरांची पटकथा, विषय मानवतचं हत्याकांड. 2024 साली ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली तेव्हा घराघरांत त्या प्रकरणाची चर्चा झाली. चाळीसेक वर्षांपूर्वी यावर मराठी सिनेमा होऊन गेलाय, हे मला भेटलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होतं. दया पवारांच्या ‘बलुतं’वरून भास्कर चंदावरकरांनी केलेला ‘अत्याचार’ तर, 1982चा, चर्चेतही येत नाही. बघायला न मिळालेल्या सिनेमाला नंबर कसा द्यायचा, हा प्रश्न रास्तच आहे. पण मग यादीच्या डोक्यावर ‘सर्वोत्तम’ कशाला लिहायचं? ‘टीव्हीवर सापडलेले’ लिहा, वाद मिटला.

हे सगळं लिहून झाल्यावरही ‘बनवाबनवी’ला वरून खाली ओढायची माझी छाती नाही. भाड्याची खोली न मिळणारे चार पोरगे ही गोष्ट पुण्यात आजही तितकीच खरी आहे. ‘बॅचलर नको’ असं सांगणारे घरमालक तेव्हा होते तसे आताही आहेत. फक्त त्याच्या शेजारी मी ‘उंबरठा’ ठेवतो. एकात घर मिळावं म्हणून पुरुष साडी नेसतात, दुसऱ्यात साडीतली बाई असलेलं घर सोडून गाडीत बसते. स्मिता पाटील यांच्या त्या शेवटच्या चेहऱ्यासाठी मी पहिला नंबर देतो ‘उंबरठा’ला. दुसरा ‘बनवाबनवी’. तिसरा ‘कळत नकळत’, बहिणीशी संबंध टिकवायचेत म्हणून. चौथा ‘आक्रीत’, कुठे मिळाला तर आधी बघा आणि मगच माझ्याशी भांडा. आत्याची ‘माहेरची साडी’ यादीत नाही, हे तिला अजून सांगितलेलं नाही.