कॅथीड्रलखालचा पाणबुड्या

जुनी देवळं, मशिदी, चर्चेस पाहत हिंडायचा नाद लागला, तेव्हापासून मला कळसापेक्षा पायाची ओढ जास्त. हाया सोफियाचा घुमट ५५८ साली कोसळला आणि पुन्हा उभा राहिला, पिसाचा मनोरा मऊ जमिनीमुळे कलला, या गोष्टी वाचकांना ठाऊक असतात. पण एखादी पवित्र वास्तू शतकानुशतकं नेमकी कशावर उभी आहे आणि तो आधार खचायला लागल्यावर कोण धावून आलं, याबद्दल फार कमी लिहिलं जातं. या शोधात एक माणूस मला भेटला आणि मग त्याने पाठ सोडली नाही. तो म्हणजे इंग्लंडमधल्या विंचेस्टर कॅथीड्रलचा पाणबुड्या, विल्यम वॉकर.

कॅथीड्रलचा इतिहास थोडक्यात सांगतो. नॉर्मन बिशप वॉकेलिन याने १०७९ साली बांधकाम सुरू केलं. ११०७ मध्ये मधला मनोरा पडला, तो पुन्हा बांधला. जेन ऑस्टिनची कबर इथेच आहे. आपल्या गोष्टीचं मूळ मात्र तेराव्या शतकाच्या सुरुवातीला आहे. बिशप गॉडफ्री द ल्यूसी याने पूर्वेकडची बाजू वाढवायला घेतली. जमीन दलदलीची, हाताला लगेच पाणी लागणारी. त्याच्या कारागिरांनी बीच झाडाचे ओंडके आडवे घालून त्यांचा तराफा केला आणि त्यावर दगडी भिंती चढवल्या. आधुनिक इंजिनिअर याला नावं ठेवतात. मला तसं करवत नाही. हा पाया सातशे वर्षं टिकला, आणि आज इतक्या वर्षांची हमी कोणता बिल्डर देतो?

१९०५ च्या सुमारास मात्र भिंती उघड कलायला लागल्या. भेगा रुंदावल्या, कमानी वाकल्या, वरून दगडाचे तुकडे पडू लागले. वास्तुविशारद टॉमस ग्रॅहम जॅक्सन यांनी भिंतीलगत खड्डे खणून पाहिले. ओंडक्यांखाली पीटचा, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा, जाड दबणारा थर निघाला. भक्कम खडी होती ती त्याच्याही खाली. पीट काढून खडीपर्यंत नवा पाया न्यायचा, हा उपाय सरळ दिसत होता. पण खणायला घेतलं की खड्डा पाण्याने भरे. पंप लावून पाणी उपसावं, तर पाण्याबरोबर बारीक रेती निघून येण्याची आणि भिंत आणखी खचण्याची धास्ती. सल्लागार इंजिनिअर फ्रान्सिस फॉक्स यांनी तोड काढली: पाणी आहे तिथेच राहू द्या, त्यात माणूस उतरवा.

तो माणूस वॉकर. सीबे गॉर्मन कंपनीतला, पोर्ट्समथच्या नौदल गोदीत तयार झालेला कसलेला पाणबुड्या. १९०६ ते १९११ अशी सलग वर्षं तो जवळपास २० फूट खोल पाण्यात रोज सुमारे सहा तास काम करत होता. पीटमुळे पाणी इतकं काळं व्हायचं की दिवा नेऊन उपयोग नव्हता. सगळं काम हाताने चाचपून. अंगावर तांब्याचं शिरस्त्राण, शिशाची वजनं, जड बूट, मिळून साधारण ९० किलोंचा पोशाख. वर उभे असलेले मदतनीस हातपंपाने नळीतून हवा पुरवत. हा पोशाख चढवायला-उतरवायला इतका वेळ जाई की जेवणाच्या सुटीत तो फक्त शिरस्त्राण काढायचा आणि बाकीच्या जामानिम्यासकट बसून पाईप ओढायचा. आठवडा संपला की सायकल मारत क्रॉयडनला घरी.

कामाची रीत मोठी शहाणपणाची होती. सगळी भिंत एकदम उघडी पाडायची नाही, एका वेळी एक अरुंद खड्डा घ्यायचा. मजूर पाणी लागेपर्यंत खणत. मग वॉकर खाली उतरून उरलेला पीट उपसायचा, खडी लागली की काँक्रीटच्या गोण्या तळाला घट्ट बसवायचा आणि चिरायचा, म्हणजे आतला माल एकमेकांत मिसळून आळे. बांधावर दगड बसवावेत तशा एकावर एक थर. तळ असा बुजला की खालून पाणी यायचं थांबे, आणि मगच खड्डा उपसून गवंडी भिंतीच्या बुडापर्यंत पक्कं बांधकाम आणत. मग पुढचा खड्डा. या कामात २५,००० हून जास्त गोण्या, सुमारे १,१५,००० काँक्रीटचे ठोकळे आणि ९,००,००० विटा लागल्या. दक्षिणेकडचे बाहेरचे टेकू म्हणजे जॅक्सन यांनी त्याच काळात दिलेली भर. काहींना ते उपरे वाटतात. माझ्या मते भिंत उभी राहणं त्याहून महत्त्वाचं.

१५ जुलै १९१२ रोजी कृतज्ञतेची प्रार्थना झाली. तो दिवस संत स्विदनचा. या दिवशी पाऊस पडला तर चाळीस दिवस पडतो, असं इंग्लंडमध्ये मानतात. याच संताचं हे कॅथीड्रल पाण्यापासून वाचलं होतं. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी हजर होते. राजाने वॉकरला रॉयल व्हिक्टोरियन ऑर्डरचा सन्मान दिला. सहा वर्षांनी, १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत, वॉकर वारला. वय जेमतेम पन्नाशीच्या घरात.

पुढची हकिकत वाचून मला संताप आला. १९६४ साली कॅथीड्रलमध्ये वॉकरचा छोटा पुतळा बसवला. शिल्पकाराने समूहछायाचित्रातला भलताच माणूस घेतला होता, आणि तो निघाला इंजिनिअर फॉक्स! पोशाख पाणबुड्याचा, चेहरा साहेबाचा. फॉक्स यांची बुद्धी थोरच, त्यांच्यावाचून हे काम झालं नसतं. पण अंधाऱ्या पाण्यात हात ज्याचे राबले, त्याला स्वतःचा चेहरा मिळायला २००१ साल उजाडावं लागलं. ही चूक निव्वळ गफलत होती, हे मान्य करूनही मला ती सहज विसरता येत नाही. वास्तूंच्या इतिहासात कष्टकऱ्यांच्या वाट्याला नेहमी हेच येतं.

लंडनला नातेवाइकांकडे जाणाऱ्या मराठी मंडळींना एक सांगणं आहे. वॉटर्लू स्टेशनवरून विंचेस्टर साधारण तासाभरावर आहे. शक्यतो हिवाळ्यात जा. तेव्हा भूजल चढून तळघरात पाणी साचलेलं असतं आणि शिल्पकार अँटनी गॉर्मलीने घडवलेली मूर्ती त्यात उभी दिसते. जेन ऑस्टिनची कबर जरूर पाहा, पण तेवढ्यावर परत फिरू नका. थेट पूर्वेच्या टोकाला जा, तिथल्या भिंतींचा कल नीट न्याहाळा, आणि वॉकरचा पुतळा कुठे आहे ते तिथल्या स्वयंसेवकांना विचारा.