खलनायकांचा कुलवृत्तान्त

आपल्याकडे एके काळी घराण्यांचे कुलवृत्तान्त छापून काढण्याची जी हौस होती, तिच्यात एक संकेत पुष्कळदा कसोशीने पाळला जाई: मूळ पुरुष पराक्रमी, त्याला मिळालेले इनाम निर्विवाद, आणि ज्या भावाचा हिस्सा बुडाला किंवा ज्या मुलाला घराबाहेर काढले, त्याच्याविषयी मौन. हॉलिवुडचे सुपरहिरोंचे चित्रपट क्रमाने पुन्हा पाहत असता मला त्या मौनाची वारंवार आठवण झाली; कारण या चित्रपटांतला खलनायक, जो आरंभी सोन्याच्या किंवा सत्तेच्या लोभाने बाहेरून चालून येणारा परका इसम होता, तो हळूहळू, पण निश्चयाने, नायकाच्याच घराण्याचा गाळलेला वारस होऊन बसला आहे.

ज्या चित्रकथांतून हे चित्रपट जन्मले, त्यांत असे घडणे दीर्घकाळ सोपे नव्हते. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने मुलांच्या बिघडण्याचे खापर चित्रकथांवर फोडले, आणि त्या गदारोळातून अमेरिकन प्रकाशकांनी स्वतःवर जी आचारसंहिता लादून घेतली, तिच्यात आईबापांविषयीचा आदर वाढीस लावावा, असे स्पष्ट कलम होते. बापाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची त्यामुळे सोयच उरली नव्हती. बाप मरावा, तेवढे मात्र चालत असे. किंबहुना तो मेल्यावाचून कथा सुरूच होत नसे. सुपरमॅनच्या दोन जनकांपैकी जेरी सीगल याचे वडील १९३२ साली क्लीव्हलंडमधल्या आपल्या दुकानावर दरोडा पडला त्या वेळी मरण पावले होते, आणि बंदुकीची गोळी ज्याच्या छातीला लागत नाही असा पुरुष त्यानंतर काही वर्षांनी जगापुढे आला, या दोन गोष्टींचा संबंध अनेकांनी जोडला आहे. तो सिद्ध करता येत नाही, पण मनातून काढूनही टाकता येत नाही.

१९७८ च्या रिचर्ड डॉनरच्या ‘सुपरमॅन’मध्ये दोन बाप आहेत, आणि दोघेही निष्कलंक. जन्मदाता जॉर-एल हा मार्लन ब्रँडोने एखाद्या न्यायाधीशाच्या गांभीर्याने रंगवला असून पालनकर्ता केंट शेताच्या वाटेवर हृदयविकाराने कोसळतो. एवढी शक्ती असून बापाला वाचवता आले नाही, हे मुलाचे दुःख त्यात आहे, तक्रार नाही. तरीही पुढच्या भाऊबंदकीचे बीज या सोवळ्या चित्रपटातच पडलेले दिसते. आरंभीच्या खटल्यात जनरल झॉडविरुद्ध सरकारी बाजू मांडणारा जॉर-एलच आहे, आणि १९८० च्या दुसऱ्या भागात कैदेतून सुटलेला झॉड पृथ्वीवर येतो व आपल्याला शिक्षा देवविणाऱ्याचा मुलगा येथेच आहे असे कळताच हरखून जातो. बापाने दिलेल्या फैसल्याची वसुली मुलाकडून व्हायची, हा हिशेब तेथे प्रथम मांडला गेला. मात्र फैसला न्याय्यच होता, याविषयी दिग्दर्शकाला तिळमात्र शंका नव्हती.

टिम बर्टनला ती शंका होती. १९८९ च्या ‘बॅटमॅन’मध्ये त्याने मूळ कथेतल्या किरकोळ दरोडेखोराऐवजी पुढे जोकर होणाऱ्या गुंडाकडूनच नायकाचे आईबाप मारविले. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो १९९२ चा ‘बॅटमॅन रिटर्न्स’. नाताळच्या रात्री एक श्रीमंत दांपत्य आपले विद्रूप अर्भक बाबागाडीसकट ओढ्यात लोटून देते, आणि ते वाहत गटारांत, पेंग्विन पक्ष्यांच्या सोबतीत जाऊन पोहोचते. मंजूषेत वाहत गेलेला कर्ण ज्याला ठाऊक आहे, त्याला या आरंभाचे नावीन्य वाटणार नाही. पण कर्णाला अधिरथ आणि राधा मिळाली, याला कोणी मिळाले नाही, एवढ्याच फरकाचे पुढे काय होते ते पाहण्यासारखे आहे. तेहेतीस वर्षांनी वर आलेला हा पेंग्विन प्रथम जातो तो शहराच्या दफ्तरखान्यात. आपले आईबाप कोण, हे शोधण्याचा बहाणा करून तो तेथे बसतो आणि प्रत्यक्षात शहरातल्या ज्येष्ठ पुत्रांची यादी उतरवून घेतो, त्यांना पळवून मारण्यासाठी. टाकलेल्या मुलाने सर्व वारसांचा सूड घ्यावा, आणि तो सरकारी नोंदींवरून घ्यावा, ही कल्पना ज्याला सुचली त्याला कुटुंबसंस्थेचे मर्म कळले होते, असे मी म्हणेन.

‘स्पायडर-मॅन’मधला (२००२) नॉर्मन ऑस्बॉर्न पोटच्या मुलाला तुच्छ लेखून त्याच्या मित्रावर पुत्रवात्सल्य उधळतो, ते दुःख ओळखीचे आहे, त्यावर रेंगाळण्याचे कारण नाही. रेंगाळावे ते पुढच्याच वर्षीच्या ‘हल्क’वर. आँग ली या तैवानी दिग्दर्शकाने आपल्या पहिल्या तीन चित्रपटांत वृद्ध पिता आणि त्याची मुले हाच विषय घोळवला होता. येथे त्याने बापालाच खलनायक केले. डेव्हिड बॅनर स्वतःच्या देहावर प्रयोग करतो, त्याचे फळ मुलाच्या रक्तात उतरते, ते निपटण्यासाठी तो मुलावर सुरी उगारतो आणि मधे आलेली आई मरते. शेवटी सैन्याच्या पहाऱ्यात, प्रखर दिव्यांखाली, दोन खुर्च्यांवर बापलेक समोरासमोर बसतात, आणि बाप सांगतो की तुझ्यात दडलेला तो राक्षसच माझा खरा मुलगा. प्रेक्षक हिरव्या राक्षसाची धुमाळी पाहायला आले होते. त्यांना हे नाट्य रुचले नाही. मला मात्र पुढच्या साऱ्या कथांची किल्ली त्या दोन खुर्च्यांपाशी सापडते.

मग आला दत्तकाचा तंटा. ‘थॉर’मध्ये (२०११) लोकीला कळते की आपण ओडिनचे औरस पुत्र नसून शत्रुराजाचे टाकलेले मूल आहोत, आणि दोन राज्यांत सलोखा व्हावा म्हणून आपल्याला उचलून आणले होते. दत्तकपत्रामागचा हा राजकीय हेतू ऐकल्यावर तो करतो काय? जन्मदात्याला फसवून आणतो आणि पालकपित्याच्या शय्येपाशी ठार करतो, शाबासकी मिळावी म्हणून. तुटलेल्या पुलावरून लोंबकळत असता ती शाबासकी मिळत नाही, आणि तो हात सोडून देतो. सहा वर्षांनी ‘रॅग्नारॉक’मध्ये ओडिनचे उरलेसुरले दफ्तरही उघडले गेले: त्याची पहिली मुलगी हेला, जिच्या तलवारीवर राज्य वाढले आणि जिला नंतर कैदेत टाकून इतिहासातूनच खोडण्यात आले, ती परत येऊन राजवाड्याच्या छतावरची मंगल चित्रे फोडते, तर तिच्याखाली रक्तपाताची जुनी चित्रे निघतात.

याच चित्रपटमालिकेतला खलनायक थॅनोस याने दोन मानलेल्या मुलींना आपसांत लढवून हरणारीच्या देहाचा एकेक भाग यंत्राने बदलला, आणि २०१८ साली लाडकीला कड्यावरून लोटून आपल्या प्रेमाचा पुरावा दिला. पण त्याच वर्षीच्या ‘ब्लॅक पँथर’पुढे तो मला उथळ वाटतो. तेथे वाकांडाचा राजा १९९२ साली ऑकलंडमध्ये सख्ख्या भावाला मारतो, त्याच्या लहान मुलाला तेथेच सोडून निघून जातो आणि ती गोष्ट राज्यापासून दडवतो. तो मुलगा मोठा होऊन गादीवर हक्क सांगायला येतो तेव्हा त्याची कृत्ये अघोर आहेत, पण फिर्याद खोटी नाही. आणि नायक पितृलोकात जाऊन आपल्या पूर्वजांना तोंडावर सांगतो की तुम्ही चुकलात. १९५४ च्या त्या कलमाचे येथे औपचारिक दहन झाले. आयांना मात्र या साऱ्या वृत्तान्तात मरण्याखेरीज फारसे काम मिळाले नाही, ही खंत नोंदवून ठेवतो.

‘शांग-ची’ची (२०२१) गोष्ट त्या दृष्टीने लक्षात राहिली. १९७३ च्या चित्रकथेत या नायकाचा बाप फू मांचू हा पौर्वात्य दुष्टतेचा बाजारी पुतळा होता. चित्रपटात तो गळून पडला आणि त्याच्या जागी टोनी लिउंगच्या शांत, थकलेल्या चेहऱ्याचा एक विधुर आला, ज्याला बंद दारापलीकडून मृत पत्नीची हाक ऐकू येते आणि जो तिच्यासाठी तिचेच गाव जाळायला निघतो. मरताना तो आपली दहा कडी मुलाच्या स्वाधीन करतो. मुलीकडे त्याने कधी नीट पाहिलेही नव्हते. मुलग्यांचे शिक्षण चाले तेव्हा ती दुरून पाहून एकटीच शिकली होती. बापाचा कारभार गुंडाळते असे भावाला सांगून ती जाते, आणि श्रेयनामावली सरल्यावर दिसते ती त्याच आसनावर बसलेली; समोरच्या अंगणात पुरुषांच्या बरोबरीने मुलीही शस्त्रे चालवायला शिकत असतात.