चोवीस तास सगळ्यांना सारखेच?

दहावीचा निरोपसमारंभ असो की स्नेहसंमेलन, आपल्या अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यात पाहुणे वक्ते एक वाक्य हमखास टाकतात: "कलेक्टरलाही चोवीसच तास मिळतात आणि तुम्हालाही." टाळ्या पडतात. आता या वाक्याचा खरोखर वीट आला आहे.

गैरसमज : वेळ सगळ्यांना सारखाच, ज्याला पुरत नाही तो आळशी.

वस्तुस्थिती : घड्याळ सगळ्यांचं एकच असलं तरी स्वतःसाठी उरणारा वेळ घराघरात वेगळा असतो. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तेव्हा घरकाम करणाऱ्या बायका-मुलींची त्या कामात रोज सरासरी 299 मिनिटं जात होती, पुरुष-मुलग्यांची 97. आकडा सहा वर्षांपुढच्या सर्व वयांचा एकत्र आहे, एकट्या शाळकरी मुलींचा नाही. पण ही वाटणी कुठल्या वयात सुरू होते, ते संध्याकाळी कुठल्याही घरात डोकावलं की कळतं.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडे तर प्रश्न मिनिटांचा नाहीच, महिन्यांचा आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. सोबत गेलेल्या मुलांचं दुसरं सत्र जवळजवळ पूर्ण बुडतं. आईबाप पहाटेच फडात जातात आणि धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, थांबते. तिला "वेळेचं महत्त्व ओळख" असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

तिचा वेळ तिला परत मिळतो तो सोयींमुळे. हंगामी वसतिगृह चाललं, तर मूल गावातच राहतं, जेवण मिळतं, शाळा सुटत नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्याने 2021 मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृह योजना आणली. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाने एसटीचा मोफत पास मिळतो. भाड्याची चिंता मिटली की पायपिटीचे तास वाचतात. वक्त्यांनी भाषणात या योजनांचे अर्ज कुठे मिळतात एवढं सांगितलं, तरी पुष्कळ झालं.

शिक्षकांना करता येण्यासारखा एक प्रयोग आहे. वर्गातल्या प्रत्येकाने आठवडाभर तासातासाची नोंद ठेवायची. मग नावं न घेता फळ्यावर बेरीज मांडायची: पाणी भरणं, गुरं, धाकटी भावंडं, बसची वाट, क्लास, मोबाईल. कोणाचा वेळ कोण घेतो, हे मुलांना तिथेच दिसेल. आणि ज्याचे तास खरंच मोबाईलमध्ये गेले, त्याला वेगळा उपदेश करावा लागणार नाही.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

"गावच्या भानगडीत पडलं की मार्क जातात." हिवरे बाजारला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी 10,000 लिटर पाणी. गावाचं क्षेत्र साधारण 976 हेक्टर. गुणाकार मुलांनाच करू द्या. गणित, भूगोल, राज्यशास्त्र एका बैठकीत होतं.

"पहाटे चारला उठेल तोच पुढे जाईल." 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप हवी, अशी अमेरिकन निद्रावैद्यक अकादमीची 2016 ची शिफारस आहे. अकराला झोपून चारला उठणारा दुसऱ्या तासाला पेंगतो, एवढंच.

"दहादा वाचलं की डोक्यात बसतं." मानसशास्त्रज्ञ डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासपद्धती तपासल्या. पुनःपुन्हा वाचणं, ओळी रंगवणं तळाला गेलं. पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारणं आणि थोडे-थोडे दिवस सोडून उजळणी करणं वर आलं.

"वेळापत्रक आखलं की काम झालं." कामाला लागणारा वेळ माणूस कमीच धरतो, हे मानसशास्त्रज्ञ कानमन आणि ट्वर्स्कींनी 1979 सालीच मांडलं. रोजचा अर्धा तास मोकळा सोडा, नाहीतर पहिल्याच पाहुण्याबरोबर वेळापत्रक कोलमडतं.

"नियोजन ही मुलांची जबाबदारी." अर्धीच. उरलेली अर्धी घराची. बहिणीची दहावी असताना भावाने स्वतःचं ताट घासलं आणि हंडाभर पाणी आणलं, तर तिला अभ्यासाला जादा वेळ मिळतो. त्यासाठी व्याख्यान लागत नाही, आईने भावाला एकदा ऊठ म्हणावं लागतं.