सेव्ह झालं, पण सेंट्रलला पोहोचलं का?

रेव्हिट या इमारतींच्या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या वास्तुविशारदांच्या कार्यालयांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मी तर सेव्ह केलं होतं!" सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याने सेव्ह केलेलं असतंच, पण ते स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या प्रतीत. सहकाऱ्याच्या पडद्यावर जिना अजून जुन्याच जागी उभा असतो. मग दोष कधी सॉफ्टवेअरला, कधी नेटवर्कला, तर कधी आयटीच्या माणसाला दिला जातो. अशा तक्रारींच्या मुळाशी गेलं तर बिघडलेली फाइल क्वचितच सापडते. सापडतो तो सामायिक फाइल म्हणजे नेमकं काय याबद्दलचा गैरसमज.

रेव्हिटची पहिली आवृत्ती 2000 साली आली. लिओनिड राइझ आणि अर्विन जुंग्राइस यांनी 1997 मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या कंपनीने ते घडवलं आणि 2002 मध्ये ऑटोडेस्कने ती कंपनी 13.3 कोटी डॉलरना विकत घेतली. ऑटोकॅडमध्ये प्लॅन एका फाइलमध्ये आणि सेक्शन दुसऱ्या फाइलमध्ये ठेवता येतो. रेव्हिटमध्ये मात्र अख्खी इमारत एकाच डेटाबेसमध्ये नांदते. भिंत सरकवली की प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन आणि दरवाजांचं शेड्यूल सगळं एकदम बदलतं. या सोयीबरोबर एक अडचण येते: दहा जणांना एकाच इमारतीत एकाच वेळी काम करायचं असेल तर कसं? त्यावरचा उपाय म्हणजे सेंट्रल आणि लोकल. सर्व्हरवर एक सेंट्रल मॉडेल असतं आणि प्रत्येकाच्या संगणकावर त्याची स्वतःची लोकल प्रत. सेंट्रल हे तलाठ्याकडचं दप्तर मानलं, तर लोकल हा त्याचा सातबारा उतारा. घरच्या उताऱ्यावर कितीही खाडाखोड केली, तरी फेरफाराची नोंद झाल्याशिवाय दप्तरातलं नाव बदलत नाही.

म्हणून पहिला गैरसमज मोडायला हवा, तो सेव्ह आणि सिंक एकच असल्याचा. सेव्ह फक्त लोकलमध्ये लिहितं. 'सिंक्रोनाइझ विथ सेंट्रल' दिल्यावर रेव्हिट आधी इतरांचे बदल खाली आणतं, ते आपल्या बदलांशी जुळवतं आणि मगच सेंट्रलमध्ये लिहितं. 'रीलोड लेटेस्ट' हा तिसरा पर्याय इतरांचं काम आणतो, आपलं पाठवत नाही. दिवसभर इमानाने सेव्ह करून संध्याकाळी सिंक न करता घरी गेलेल्या माणसाचं काम टीमच्या दृष्टीने झालेलंच नसतं.

गूगल डॉक्सची सवय झालेल्या नव्या मुलांना वाटतं, की एकाच भिंतीवर दोघांनी एकदम काम केलं तरी सॉफ्टवेअर ते जुळवून घेईल. रेव्हिट तसं करत नाही. कोणी भिंत बदलायला घेतली की ती त्याच्या नावावर उसनी जाते आणि परत केली जाईपर्यंत दुसऱ्याला फक्त बघता येते. नेहमीच्या सिंकमध्ये उसने घेतलेले घटक परत होतात, पण वर्कसेटची, म्हणजे मॉडेलमधल्या घटकांच्या अख्ख्या गटाची, मालकी मुद्दाम सोडावी लागते. पुण्या-मुंबईतून अमेरिकेतल्या वास्तुविशारदांसाठी मॉडेलिंग करणाऱ्या टीमना याचा फटका विशेष बसतो. हिवाळ्यात पुण्यात संध्याकाळचे 7 वाजतात, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे 8:30 झालेले असतात. इकडच्याने वर्कसेट न सोडता संगणक बंद केला, तर तिकडच्याचा दिवसच कुलपासमोर सुरू होतो आणि इकडे सगळे झोपलेले असतात.

अशा वेळी एक धोकादायक युक्ती सुचवली जाते: ऑप्शन्समध्ये जाऊन गेलेल्या माणसाचं युजरनेम घाला आणि त्याच्या नावाने सगळं सोडून द्या. सर्व्हरवरच्या मॉडेलमध्ये ही युक्ती चालते, कारण रेव्हिट मालकी नावावरून ओळखतं. पण त्या माणसाच्या लोकलमध्ये सिंक न झालेलं काम असेल आणि दरम्यान दुसऱ्याने तेच घटक बदलले, तर पहिल्याचे बदल सेंट्रलमध्ये जाऊ शकत नाहीत. आधी त्याला फोन करावा, युक्तीचा विचार त्यानंतर. याच कारणाने दोन संगणकांवर एकच युजरनेम ठेवणं चूक आहे आणि सहकाऱ्याची लोकल पेनड्राइव्हवर घेऊन त्यावर काम सुरू करणंही चूक.

फोल्डर आवरण्याच्या उत्साहातून होणारं नुकसान याहून मोठं असतं. सेंट्रलच्या शेजारी मॉडेलच्याच नावाचं, शेवटी 'बॅकअप' असलेलं फोल्डर दिसतं. ते जुन्या प्रतींचा कचरा समजून कोणीतरी डिलीट करतो. सर्व्हरवरच्या सामायिक मॉडेलमध्ये वापरकर्ते, परवानग्या आणि संपादनाच्या विनंत्या यांच्या नोंदी याच फोल्डरमध्ये असतात. ते उडालं किंवा त्यावर एखाद्याला लिहिण्याची परवानगी नसली, की परवानगी मिळाली नाही अशा अर्थाचे संदेश येऊ लागतात आणि सिंक थांबतो. सेंट्रल आणि तिचं बॅकअप फोल्डर ही एकच वस्तू आहे असं टीममधल्या प्रत्येकाने मानावं.

सेंट्रल फाइल विंडोजमधून उचलून दुसरीकडे ठेवता येते, हाही असाच समज. सेंट्रलला स्वतःचा पत्ता ठाऊक असतो आणि प्रत्येक लोकलमध्ये तोच नोंदलेला असतो. फोल्डरचं नाव बदललं किंवा सर्व्हर बदलला, की लोकल जुन्या पत्त्यावर सेंट्रल शोधत राहतात. हलवलेली किंवा कॉपी केलेली सेंट्रल उघडताना रेव्हिट इशारा देतं: ही सेंट्रल म्हणूनच ठेवायची असेल तर सेंट्रल म्हणून पुन्हा सेव्ह करा. घाईत ओके दाबणाऱ्याची फाइल मूळ सेंट्रलची लोकल म्हणून वागते. जागा खरोखर बदलायची असेल, तर सर्वांनी सिंक करून बाहेर पडावं, एकाने नव्या जागी सेव्ह ॲज करताना 'मेक धिस अ सेंट्रल मॉडेल' निवडावं आणि मग प्रत्येकाने नवी लोकल घ्यावी. जुनी लोकल पुढे रेटू नये. सेंट्रल ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवणंही टाळावं. या सेवा अख्खी फाइल प्रत्येकाकडे उतरवतात. त्यामुळे सेंट्रल एकच राहत नाही, आणि दोघांनी एकदम सेव्ह केलं की संघर्षाची वेगळी प्रत तयार होते. मग खरी सेंट्रल कोणती, हे कोणालाच सांगता येत नाही.

"आमचं मॉडेल क्लाउडवर आहे, आम्हाला हे प्रश्न नाहीत," असंही ऐकू येतं. ऑटोडेस्कच्या क्लाउड वर्कशेअरिंगमध्ये पत्त्याचे आणि बॅकअप फोल्डरचे घोळ खरोखर टळतात. पण तिथे दोन नवे गैरसमज भेटतात. पहिला असा, की सिंक झालं म्हणजे ब्राउझरमध्ये मॉडेल पाहणाऱ्या सल्लागाराला ताजं काम दिसतं. तसं नाही. सिंक टीमपुरता असतो, बाहेरच्यांना दिसण्यासाठी मॉडेल पब्लिश करावं लागतं. स्ट्रक्चरल इंजिनिअर आठवडाभर जुन्या बीमवर टिपणं पाठवत राहतो, ते यामुळेच. दुसरा गैरसमज कॅशविषयी. सिंक अडकला की कोणीतरी सांगतो, 'कोलॅबोरेशन कॅश' फोल्डर उडवा, सगळं ठीक होईल. बिघडलेली लोकल प्रत बदलायला हा उपाय कधीकधी लागू पडतो. पण सिंक न झालेलं कामही याच फोल्डरमध्ये असतं आणि ते त्याच्यासोबत जातं.

मोठी फाइल सिंक होत नाही, ही समजूत अर्धीच खरी. मोठ्या मॉडेलला मेमरी जास्त लागते आणि नको असलेले वर्कसेट बंद ठेवून उघडलं की भार हलका होतो. पण सिंक नाकारला जाण्याची कारणं बहुधा साधी असतात: दुसरा कोणीतरी त्याच क्षणी सिंक करत असतो, थेट सेंट्रलच कोणीतरी उघडून बसलेलं असतं, संगणकाच्या टेम्प फोल्डरच्या ड्राइव्हवर जागा उरलेली नसते, सर्व्हरच्या फोल्डरवर लिहिण्याची आणि पुसण्याची परवानगी नसते, किंवा अँटिव्हायरसने फाइल तपासायला धरून ठेवलेली असते. आवृत्तीचाही प्रश्न असतो. पुढच्या वर्षीच्या रेव्हिटमध्ये सेव्ह केलेलं मॉडेल मागच्या वर्षीच्या रेव्हिटमध्ये उघडत नाही. एकाच वर्षाच्या आवृत्तीतही सगळ्या टीमने एकच अपडेट ठेवावं.

अर्कीकॅड हे याच प्रकारचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा अनुभव थोडा निराळा. बुडापेस्टच्या ग्राफिसॉफ्टने 2009 मध्ये अर्कीकॅड 13 सोबत बिम सर्व्हर आणला. त्यात घटक आधी राखून ठेवावे लागतात आणि सर्व्हरकडे फक्त बदल जातात. राखून ठेवलेलं सोडायला विसरण्याची सवय मात्र तिथेही तेवढीच महागात पडते.

सिंक खरोखर अडला, तर सर्वांत वाईट प्रतिक्रिया म्हणजे चिडून रेव्हिट बंद करणं. आधी लोकल सेव्ह करावी आणि तिची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी. मग रीलोड लेटेस्ट करून पाहावं. तेवढं चाललं, तर सेंट्रल वाचता येते आहे आणि अडचण लिहिण्यात आहे, म्हणजे परवानगी, जागा किंवा दुसऱ्याचा चालू सिंक. तेही चाललं नाही, तर नेटवर्क, पत्ता किंवा लोकलमधलाच बिघाड. आलेला संदेश पूर्ण वाचावा, त्याचा फोटो घ्यावा. रेव्हिट प्रत्येक सत्राची जर्नल फाइल लिहितं आणि सर्व्हरवरच्या मॉडेलच्या बॅकअप फोल्डरमधल्या एसलॉग फाइलमध्ये कोणी कधी मॉडेल उघडलं, कधी सिंक केलं याची नोंद असते. तासभराचे तर्कवितर्क या दोन फाइल वाचून टळतात.

फाइल उघडताना तिची तपासणी करणारं ऑडिट लावून, तिला जुन्या सेंट्रलपासून डिटॅच, म्हणजे वेगळं, करून नवी सेंट्रल बनवणं हा शेवटचा उपाय, पहिला कधीच नाही. नवी सेंट्रल बनली की जुन्या सगळ्या लोकल निरुपयोगी होतात आणि त्यांत अडकलेलं प्रत्येकाचं काम बाहेरच राहतं. जुन्या बॅकअपवरून सेंट्रल मागे नेली, तरी हाच धोका. त्यामुळे हा निर्णय एकट्याने, रात्री उशिरा घेऊ नये.

प्रत्येक टीमने आपल्या सेंट्रलचा नेमका पत्ता, रेव्हिटचं अपडेट, सिंकच्या ठरलेल्या वेळा आणि अडचणीत कोणाला फोन करायचा ते नाव एका कागदावर लिहून सर्वांना दिसेल असं लावावं. नव्या माणसाला मॉडेल उघडायला देण्यापूर्वी तो कागद वाचून घ्यायला सांगावा.