बावखल बुजले, तर अभ्यास कशाचा करणार?

निर्मळ (ता. वसई) : पावसाळ्यात निर्मळच्या तळ्याकाठी उभे राहिले, की इथे पाण्याला काय तोटा, असेच वाटते. पण वसईच्या किनारपट्टीत गोडे पाणी आपोआप टिकलेले नाही. जुन्या माणसांनी वाडीवाडीत बावखले खणली. निघालेली माती घराच्या नाहीतर वाडीच्या भरावाला गेली आणि खड्ड्यात पावसाचे पाणी साठले. ते मुरते, शेजारच्या विहिरींना पुरते आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला आत सरकू देत नाही. केळी, पानवेली, फुलझाडे यांचे शिंपण त्यावरच चालले. घरे-इमारती वाढल्या तशी मात्र कितीतरी बावखले भरावाखाली गेली.

आता याच शहाणपणाला मोठे नाव मिळाले आहे : शाश्वत विकास! त्यासाठी देशोदेशीची विद्यापीठे करार करतात. मुंबई आयआयटी आणि ऑस्ट्रेलियाचे मोनाश विद्यापीठ यांनी २००८ साली मिळून संशोधन अकादमी काढली. तिथली पीएच.डी. दोन्ही संस्थांची मिळून असते आणि पाणी हा तिथल्या संशोधनाचा एक विषय. जून २०२५ मध्ये यॉर्क, अ‍ॅबर्डीन धरून पाच परदेशी संस्थांना मुंबई-नवी मुंबईत शाखा काढण्यासाठी इरादापत्रे मिळाली.

चांगलेच झाले. पण गावाने विचारायला नको का, की बाबांनो, यात आमच्या विहिरीचे काय? नाहीतर काखेत कळसा नि गावाला वळसा!

वाट नवी नाही. ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान शोधणारे केंद्र मुंबई आयआयटीत १९८५ पासून आहे. त्याचे विद्यार्थी खेड्यात राहून अभ्यास करतात. २०१६ च्या 'उन्नत महाराष्ट्र अभियाना'नेही कॉलेजांना गावच्या प्रश्नांशी जोडायचे ठरवले. त्याच धर्तीवर वसईतल्या कॉलेजांच्या पोरांनी बावखले मोजावीत, विहिरींचा खारेपणा उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तपासावा. परदेशी पाहुण्यांनी त्यांच्याबरोबर वाडीत उतरावे, रहाट ओढलेल्या म्हाताऱ्यांशी बोलावे.

अट एकच. निघालेले आकडे मराठीत लिहून गावाच्या हाती पडले पाहिजेत. भराव थांबवायला अर्ज करताना शेतकऱ्याच्या हातात कागद तरी असेल. करार काय, मुदत संपली तर पुन्हा होतो. बुजलेल्या बावखलावर एकदा इमारत उभी राहिली, की ते परत कोण खणणार?