खर्ड्याचे रण आणि वर्गातील युद्धकविता

बीड जिल्ह्यातील आष्टी व पाटोदा तालुक्यांच्या शेजारी, जामखेड तालुक्यातील खर्डा येथे ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांच्यात लढाई झाली व तिच्यावर पोवाडे, म्हणजे डफ-तुणतुण्याच्या साथीने गायिल्या जाणाऱ्या वीरगाथा, रचले गेले. म्हणून बीडच्या विद्यार्थ्यांना युद्धकविता शिकवताना आरंभ परदेशातून करण्याचे कारण नाही. पोवाड्यात सरदारांची नावे आणि विजयाचा घोष ठसठशीतपणे येतो, परंतु शाहीर बहुधा स्वतः लढणारा नसे, आणि आश्रयदात्याची कीर्ती गाणे हे त्याचे कामच असे. याउलट पहिल्या महायुद्धातील विल्फ्रेड ओवेन हा इंग्रज कवी व अधिकारी खंदकात, म्हणजे गोळीबारापासून बचावासाठी खणलेल्या चरात, राहिला. मनावर आघात झाल्याने १९१७ मध्ये एडिंबरा येथील रुग्णालयात असताना त्याला सिगफ्रिड ससून हा सैनिक-कवी भेटला, विषारी वायूने गुदमरणारा शिपाई ओवेनच्या कवितेत आला, आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामाच्या अवघा आठवडाभर आधी, ओवेन स्वतः २५ व्या वर्षी मारला गेला. शिक्षकांनी खर्ड्याचा भुईकोट किल्ला मुलांना दाखवावा, हे दोन्ही आवाज शेजारी ठेवावेत, आणि पोवाड्यात ज्याचे नाव नाही त्या साध्या शिपायाविषयी त्यांना मोकळेपणाने प्रश्न विचारू द्यावेत.